मोजणाऱ्यांची पारख

जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत सीएमएस नावाचे एक प्रचंड यंत्र आहे. त्याच्या गाभ्यात २०१७ साली सिलिकॉनचे नवे शोधक बसविले, त्यांत १२ कोटी ४० लाख पिक्सेल, म्हणजे केसाएवढ्या रुंदीचे कप्पे होते. सूक्ष्म कण आरपार गेला की त्या कप्प्याने साद द्यावयाची. पण ती साद खरी कशावरून? हा प्रश्न जुना आहे.

शंभर वर्षांपूर्वी हे काम माणसांचे डोळे करीत. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसावयाचे आणि झिंक सल्फाइडच्या पडद्यावर कण आदळून उठणारी अंधूक चमक मोजावयाची. व्हिएन्नाच्या रेडियम संस्थेतील पेटरसन व किर्श यांचे म्हणणे असे की, कार्बनचा अणूही फोडता येतो. केंब्रिजला रदरफर्ड व चॅडविक यांना तसे काही दिसेना. वाद वर्षानुवर्षे चालला. अखेर डिसेंबर १९२७ मध्ये चॅडविक स्वतः व्हिएन्नास गेले. पाहतात तो, मोजणी तीन तरुण स्त्रिया करीत होत्या. पुरुषांना अशा कामाचा कंटाळा येतो, बायका मात्र ते कितीही वेळ करू शकतात, असे त्यांना सांगण्यात आले. (ही सबब आम्हांला कामगार चळवळीत नवी नाही!) चॅडविकनी मांडणी आपल्या हाती घेतली, समोर काय ठेवले आहे हे मोजणाऱ्या स्त्रियांना सांगितले नाही. तेव्हा आकडे केंब्रिजसारखेच आले. पूर्वी त्यांना काय दिसावयास हवे, हे आधीच ठाऊक असे. पुढे बोलबाला झाला तो त्यांच्या नजरेच्या चुकीचा. आमच्या मते दोष उत्तर आधी कळवून मोजावयास बसविणाऱ्यांचा होता.

वास्तविक पारखीची रीत उपलब्ध होती. गायगर व वेर्नर यांनी १९२४ सालीच दाखविले होते की, एकाच पडद्याकडे दोघांनी पाहावे. दोघांना मिळून दिसलेल्या व एकेकट्यास दिसलेल्या चमकांवरून प्रत्येकाच्या नजरेतून किती निसटते ते काढता येते.

पिक्सेलची परीक्षा याच जातीची. प्रत्येक कप्प्यात ठरावीक विद्युतभार मुद्दाम पुन्हापुन्हा सोडतात आणि किती वेळा साद येते ते पाहतात. भार वाढवीत नेला की एका टप्प्यावर निम्म्या वेळा साद येते. तोच त्या कप्प्याचा उंबरठा. सर्व कप्प्यांचे उंबरठे मिळतेजुळते करावे लागतात. काही नसता ओरडणारा कप्पा बंद करतात. प्रारणाच्या माऱ्याने सिलिकॉन झिजते, म्हणून ही तपासणी एकदा करून भागत नाही. यंत्र चालू असेतोवर ती पुन्हापुन्हा करावी लागते.