पिठ्ठूचं वजन

फौजेत राहिलेल्या माणसाला पिठ्ठू म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. खडकवासल्याला पाठीवर चढतो तो पेन्शनीपर्यंत उतरत नाही. पण हल्ली ट्रेकवाली तरुण मुलं भेटतात. अन्न, पाणी, इंधन सोडलं तर त्यांचं सगळं बिऱ्हाड साडेचार किलोच्या आत असतं. 'सर, तुमचं सामान एवढं जड का?' असं ती विचारतात. उत्तर इतिहासात आहे.

१९५५ साली एमा गेटवुड ही ६७ वर्षांची अमेरिकन बाई, ११ मुलांची आई, अपालाचियन ट्रेलवर एकटी निघाली. वाट सुमारे ३३०० किलोमीटरची. खांद्यावर घरी शिवलेली डेनिमची पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट, पावसासाठी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. तंबू नाही, स्लीपिंग बॅगही नाही. पाच महिन्यांच्या आत तिने वाट संपवली. बूट फाटत गेले, पण वाटेवर गावं होती, दुकानं होती, रात्रीपुरता आसरा देणारी माणसं होती.

पुढे १९९०च्या दशकात रे जार्डिन या एरोस्पेस इंजिनियरने याचं शास्त्र केलं. तंबूऐवजी ताडपत्रीसारखं पातळ कापड, जड बुटांऐवजी धावण्याचे बूट, सॅक घरी शिवलेली.

कापडाचा हिशोब डेनियरमध्ये होतो. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. हलक्या तंबूचं कापड १०-२० डेनियरचं, तर लष्करी पिशव्यांचं साधारण ५०० ते १०००चं. मधला मार्ग दुसऱ्या महायुद्धात पॅराशूटच्या कापडाने दाखवला. विणताना ठराविक अंतरावर जाड धागा घालून चौकडी करायची. कापड फाटलं तरी फाट चौकटीपाशी अडते. यालाच रिपस्टॉप म्हणतात. पण खडकावर घासटणं आणि काटे यांच्यापुढे पातळ कापड शेवटी पातळच.

आता आपल्याकडे या. १९६२च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ७ इन्फंट्री ब्रिगेडचे जवान नेफातल्या कामेंग विभागात नामका चू नदीकाठी पोचले. अंगावर सुती गणवेश, माणशी एक कांबळं, पाऊचमध्ये ५० राउंड. वजनाच्या तक्त्यावर पाहिलं तर ओझं हलकंच! मागे रस्ता नव्हता. रसद माणसाच्या पाठीवरून यायची किंवा त्सांगधारला विमानातून पडायची, आणि पडलेल्यातली बरीचशी दऱ्याखोऱ्यांत जायची. २० ऑक्टोबरला पहाटे चिनी हल्ला झाला. ब्रिगेड कमांडर जॉन परशुराम दळवी पुढे युद्धकैदी झाले. परतल्यावर त्यांनी 'हिमालयन ब्लंडर'मध्ये ही सगळी हकिगत मांडली.

गेटवुडबाईंचं ओझं त्यांनी स्वतः ठरवलं होतं आणि चुकलं तर गाव जवळ होतं. नामका चूच्या जवानाचं ओझं दुसऱ्यांनी ठरवलं आणि किंमत त्याने मोजली.

म्हणून मुलांना मी सांगतो, प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच प्रश्न विचारा: ही तुटली तर दुसरी किती दिवसांच्या चालीवर मिळेल? एक दिवस असेल तर पातळ घ्या. आठ दिवस असतील तर सुई-दोरा, चिकटपट्टी आणि थोडं जाड कापड घ्या. जिथे दुसरी मिळणारच नाही, तिथे ग्रॅम मोजू नका. बूट, ऊब आणि आसरा, या तिन्हींत काटकसर नको. वजन कमी करायचंच असेल तर जास्तीच्या कपड्यांपासून सुरुवात करा.