सामुदायिक बाग (इचोडा परिसर)

गावाच्या सामाईक जागेवर सर्वांनी मिळून लावलेली आणि राखलेली बाग. आदिलाबाद जिल्ह्यातले इचोडा मंडल नागपूर–हैदराबाद महामार्गावर आहे. इथल्या गावांत अशा बागेला सरकारी आधार मिळाला तो ‘पल्ले प्रकृती वनम’ या नावाने. तेलंगणात हरितहारम ही वृक्षारोपणाची मोहीम जुलै २०१५ मध्ये सुरू झाली. सप्टेंबर २०१९ पासूनच्या ‘पल्ले प्रगती’ या ग्रामविकास कार्यक्रमात ग्रामपंचायतींना स्वतःची रोपवाटिका, ट्रॅक्टर आणि पाण्याचा टँकर मिळाला.

टँकर महत्त्वाचा, कारण बागेचा कस पावसाळ्यात नव्हे, पहिल्या दोन उन्हाळ्यांत लागतो. राज्याच्या २०१८ च्या पंचायत राज कायद्याने पंचायतीच्या अंदाजपत्रकातला १० टक्के हिस्सा हिरवाईसाठी राखला आणि लावलेल्या रोपांपैकी किमान ८५ टक्के जगवण्याची जबाबदारी सरपंच व पंचायत सचिवांवर टाकली. तरतूद कडक आहे, आणि तशीच हवी. वृक्षारोपणाच्या फोटोनंतर खड्ड्यात उरलेल्या वाळक्या काड्या कोणत्या गावाने पाहिलेल्या नाहीत?

याच मंडलातले मुखरा (के) हे गाव खतामुळे नावारूपाला आले. घरोघरचा ओला कचरा वेगळा करून तिथे गांडूळखत होते. ते विकून पंचायतीने लाखो रुपये मिळवले आणि गावाच्या कामांना लावले. तत्कालीन सरपंच गाडगे मीनाक्षी यांना २०२३ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ‘स्वच्छ सुजल शक्ती सन्मान’ मिळाला. नव्याने बाग आखणाऱ्या गावाने इथून उचलावे ते हेच: खताची सोय आधी, रोपे नंतर.

जागा पंचायतीच्या नावावर आणि पाण्याजवळ असावी. इथली काळी जमीन पावसात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे चर काढून पाण्याला वाट द्यावी लागते आणि उन्हाळ्यात आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे लागते. खड्डे मे महिन्यात खणून तापू द्यावेत. मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की माती आणि कुजलेले शेणखत मिसळून रोप बसवावे. कडुनिंब, करंज, चिंच, जांभूळ, आवळा, सीताफळ ही झाडे इथल्या हवेला टिकतात. शेवगा लवकर शेंगा देतो, म्हणून लोकांचा उत्साह राहतो. गांडुळांचे वाफे मात्र दाट सावलीतच हवेत, कारण आदिलाबादचे मे महिन्यातले ऊन त्यांना सोसत नाही. कुंपण पहिल्या रोपाआधी घालावे. गावात शेळ्या मोकळ्या फिरतात.