ढुटीच्या कालव्याचे पाणी नेमके मुरते कुठे?

मध्य प्रदेशाच्या दक्षिण टोकाला, महाराष्ट्रातील गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांना लागून असलेला बालाघाट हा भाताचा प्रदेश आहे. येथील चिन्नोर या सुवासिक तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. सिवनी जिल्ह्यात उगम पावणारी वैनगंगा येथील शेतीची जीवनवाहिनी असून, लामटा गावाजवळ तिच्यावर ढुटी येथे बंधारा आहे. या बंधाऱ्यापासून निघणारे कालवे, म्हणजे स्थानिक बोलीतल्या ‘नहरी’, शंभर वर्षांपासून भातखाचरांना पाणी पुरवीत आहेत. त्यांचे आधुनिकीकरण हा वरकरणी अभियांत्रिकीचा विषय वाटतो. प्रत्यक्षात पाण्यावर पहिला हात कोणाचा, हा त्यातील खरा प्रश्न आहे.

ढुटीचा जन्म दुष्काळातून झाला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी तत्कालीन मध्य प्रांत होरपळून निघाला. त्यानंतर नेमलेल्या सिंचन आयोगाने (१९०१-०३) दुष्काळापासून बचाव करणारी कामे हाती घेण्यावर भर दिला. ढुटीचे काम १९११ मध्ये सुरू झाले आणि १९२० च्या दशकाच्या प्रारंभी पूर्ण झाले. आराखडा सर जॉर्ज मॉस हॅरियट या अभियंत्याचा होता. हा बंधारा नदी अडवून पाणी कालव्यात वळवतो, मोठा साठा करीत नाही. ती उणीव पुढे सिवनी जिल्ह्यातील भीमगड धरणाने, म्हणजेच संजय सरोवराने, बऱ्याच अंशी भरून काढली.

हे कालवे खोदले गेले ते मातीचे. मातीच्या कालव्यातून किती पाणी वाटेत मुरते, याचे अभियांत्रिकीच्या पुस्तकांत आजही दिले जाणारे उदाहरण पंजाबातील अपर बारी दोआब कालव्याचे आहे. केनेडी या अभियंत्याने तेथे केलेल्या मोजणीनुसार, शीर्षाशी सोडलेल्या १०० भागांपैकी २० भाग मुख्य कालव्यात व शाखांत, ६ वितरिकांत आणि २१ शेतचाऱ्यांत नाहीसे होत. शेताच्या बांधापर्यंत पोहोचत ते ५३, आणि त्यातील पिकाच्या उपयोगी पडत ते २८. बालाघाटची माती आणि भूरचना वेगळी असल्याने हे आकडे तेथे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. मात्र एक गोष्ट त्यातून ध्यानात यावी. सर्वांत मोठी गळती भव्य कालव्यात नव्हती, तर ज्या शेतचारीकडे कोणाचेच लक्ष जात नाही तिच्यात होती. आधुनिकीकरणाचा निधी मात्र बहुधा मुख्य कालव्यापासून खर्च होऊ लागतो आणि चारीपर्यंत येईतो आटतो.

आधुनिकीकरणातील पहिले काम अस्तरीकरणाचे. काँक्रीटचा थर दिल्याने पाझर घटतो, प्रवाहाला वेग येतो, तण व गाळ कमी साचतो. काळ्या, फुगणाऱ्या मातीत मात्र हे काँक्रीट तडकते. म्हणून त्याखाली न फुगणाऱ्या मातीचा थर द्यावा लागतो. हा थर वाचवला की पुढे अस्तरच वाया जाते. भरावावरील कालवा दुर्लक्षित राहिला तर काय होते, हे गोमंतकीयांना सांगायला नको. तिळारीचा कालवा फुटला की त्याची झळ उत्तर गोव्याच्या नळांपर्यंत पोहोचते.

दुसरे काम दारांचे आणि मोजणीचे. ते दिसत नाही, म्हणून ते मागेही पडते. वितरिकेच्या तोंडाशी प्रवाह मोजण्याची सोय नसेल, तर वाचलेले पाणी वरचा शेतकरीच अधिक घेतो आणि टोकाकडचा होता तिथेच राहतो. मध्य प्रदेशात १९९९ च्या कायद्याने सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांना निवडून दिलेल्या संस्थांमार्फत वाटा मिळाला. पण संस्थेच्या हाती मोजमाप नसेल तर पाणीपाळीचा वाद आवाजाच्या बळावर सुटतो.

पाझरलेले सारे पाणी वाया जाते, असेही नाही. ते विहिरींना मिळते, आणि काही अंशी पुन्हा वैनगंगेत उतरून खाली भंडाऱ्याकडे, गोसीखुर्दच्या जलाशयाकडे जाते. कॅलिफोर्नियातील ऑल-अमेरिकन कालव्याच्या सुमारे ३७ किलोमीटर लांबीला २००० च्या दशकाच्या अखेरीस अस्तर घातले गेले, तेव्हा सीमेपलीकडच्या मेक्सिकोतील मेहिकाली खोऱ्यातील शेतकऱ्यांच्या विहिरींचा आधार हिरावला गेला. अमेरिकेच्या लेखी ती बचत होती. बालाघाटमध्येही अस्तरीकरणाआधी कालव्यालगतच्या विहिरींची पातळी नोंदवणे अगत्याचे ठरते.

शिवाय भाताचे खाचर स्वतःच एक मोठा झरा आहे. एका बांधीतून दुसरीत पाणी सोडण्याच्या रूढ पद्धतीत पाण्याचा हिशेब राहत नाही. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सुचवलेल्या पद्धतीत खाचरात छिद्रांची नळी रोवतात आणि पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरले की पुढची पाळी देतात. त्याने ३० टक्क्यांपर्यंत पाणी वाचू शकते. अट एकच, हवे तेव्हा पाणी मिळेल याची शेतकऱ्याला खात्री हवी. ती नसेल तर आलेले पाणी तो भरूनच ठेवणार, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही.

केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये लाभक्षेत्र विकासाच्या आधुनिकीकरणाची उपयोजना मंजूर केली. प्रारंभिक तरतूद १,६०० कोटी रुपयांची असून, दाबाच्या भूमिगत नळांतून १ हेक्टरपर्यंतच्या शेताला पाणी देण्याचा तिचा हेतू आहे. मध्य प्रदेशातच राजगड जिल्ह्यातील मोहनपुरा प्रकल्पाने असे नळजाळे उभारले आहे. तेथील गव्हाला तुषार सिंचन मानवते. चिखलणी करून लावलेल्या भाताचे गणित निराळे.

उरतो प्रश्न कामाच्या मुहूर्ताचा. अस्तरीकरणासाठी कालवा कोरडा लागतो, आणि खरीप व रब्बीनंतर पावसाळ्यापूर्वीचे मोजके आठवडेच त्यासाठी मिळतात. नेमके याच काळात उन्हाळी धान उभे असते. ते घेणाऱ्याला एका हंगामावर पाणी सोडावे लागते, तर टोकाच्या शेतकऱ्याला खरिपाच्या अखेरची, दाणा भरतानाची पाळी हवी असते. काम सुरू करण्यापूर्वी या दोघांना एका बैठकीत बसवावे लागते, आणि ती बैठक कुठल्याही अंदाजपत्रकात नसते.