एक लिटर संजीवनी

पाऊस लागला की रबाळ्यात आशाताईंच्या खांद्यावरची पिशवी जड होते. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका अंगाला गावठाण, दुसऱ्या अंगाला एमआयडीसी आणि पारसिकच्या डोंगराकडे चढत गेलेल्या खोल्या. दोन्हीकडे ताई छत्री सांभाळत दारोदार जातात. पिशवीत ओआरएसच्या पुड्या असतात, झिंकच्या गोळ्या असतात. गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या दीड वर्षाच्या पोराला जुलाब लागले. पोराला दवाखान्यात न्यायचं आणि सलाईन लावून घ्यायची, असं त्याच्या आईनं ठरवूनच टाकलं होतं. ताईंनी पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच सपाट झाली. डोळे पाहिले, जीभ पाहिली, पाणी पाजून पाहिलं.

"वहिनी, मी सलाईनच देतेय, पण तोंडानं द्यायची. लिटरचं माप आहे का घरात?"

माप नव्हतं. तांब्या होता, दोन पातेली होती, चहाचे पेले होते. एवढं साधं विचारलं आणि घर अडलं. पुडीवर 'एक लिटर' छापलंय ते खरं, पण लिटर म्हणजे नेमका कुठपर्यंत भरलेला तांब्या? या पुडीची कुळकथा मी शोधत गेलो, तेव्हा हाच प्रश्न वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या माणसांच्या तोंडी भेटत राहिला. त्यातला सर्वांत मोठा वाटा इजिप्तचा आहे.

आधी रोगाचं नाव. पटकी, महामारी, कॉलरा हे शब्द आपल्याला माहीत आहेत. त्याहून जुना शब्द 'मोडशी'. हा शब्द पोर्तुगीजांनी गोव्यात ऐकला. १५४३ च्या गोव्यातल्या साथीची नोंद गास्पार कोरेयाने केली, आणि १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या वैद्याने या रोगाची लक्षणं लिहिली. पोर्तुगीजांच्या जिभेवर मोडशीचं 'मोर्देशीं' झालं. फ्रेंचांनी त्यात आपल्या भाषेतला अर्थ ऐकला आणि 'मोर द शियाँ' म्हणजे कुत्र्याचं मरण असं करून टाकलं. कोकणी-मराठी शब्दाचा हा प्रवास वाचताना अंगावर काटा येतो, कारण ज्यांनी तो रोग जवळून पाहिला त्यांना हा भलता अर्थही खरा वाटला असणार. काही तासांत माणूस सुकतो, डोळे खोल जातात, आवाज बसतो, हातापायात गोळे येतात.

आणि अशा माणसाला घरोघरी पाणी तोडत असत. जुलाब लागले की पोटाला विश्रांती द्यायची, पाणी दिलं तर आणखी होतील, ही समजूत आजही अनेक आज्यांच्या तोंडी आहे. तिच्यामागे निरीक्षण आहे, कारण नुसतं पाणी पाजलं तर ते खरंच बाहेर पडतं. पण तिने किती जीव घेतले असतील याचा हिशेब लागणार नाही. शिरेतून मीठपाणी द्यायचा पहिला प्रयत्न १८३२ मध्ये स्कॉटलंडच्या लीथ गावी थॉमस लाटा या डॉक्टरने कॉलऱ्याच्याच रुग्णांवर केला. म्हणजे सलाईन हीच मुळी कॉलऱ्याची लेक. तिला घरात घ्यायला वैद्यकाने कित्येक दशकं लावली.

१८८३ मध्ये इजिप्तमध्ये साथ उसळली. आळ आला तो मुंबईहून सुवेझमार्गे येणाऱ्या जहाजांवर. जर्मनीहून रॉबर्ट कॉख अलेक्झांड्रियात दाखल झाला, फ्रान्सहून पाश्चरची माणसं आली. फ्रेंच चमूतला तरुण लुई थुइलिए तिथेच कॉलऱ्याने गेला. साथ ओसरली, तपासायला रुग्ण उरेनात, म्हणून कॉखने कलकत्ता गाठलं आणि १८८४ च्या आरंभी स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू वेगळा काढून दाखवला. जंतू सापडला, पण माणसं मरायची थांबली नाहीत. जंतू कोणता हे कळणं एक, आणि समोर पडलेल्या माणसातून किती पाणी गेलंय हे कळणं दुसरं.

त्या दुसऱ्या प्रश्नावरचं काम १९४७ च्या सप्टेंबरात इजिप्तमध्येच झालं. पुन्हा साथ आली होती आणि पुढच्या तीनएक महिन्यांत सुमारे २०,००० माणसं गेली. अमेरिकन नौदलाच्या कैरोतल्या संशोधन केंद्राचे रॉबर्ट फिलिप्स रुग्णांच्या खाटांशी बसले. त्यांच्याजवळ होती निळ्या पाण्याच्या बाटल्यांची ओळ. रक्तदान शिबिरात गेलेल्यांनी हे निळं पाणी पाहिलंय. बोटाला टोचून रक्ताचा थेंब त्यात सोडतात आणि तो बुडतो की तरंगतो ते पाहतात. ते मोरचुदाचं द्रावण. युद्धाच्या काळात जखमी सैनिकांसाठी फिलिप्स आणि डोनाल्ड व्हॅन स्लाइक यांनीच ती रीत बसवली होती. कॉलऱ्याच्या रुग्णाचं पाणी निघून जातं, रक्त दाट होतं, थेंब जड होतो. चढत्या घनतेच्या बाटल्यांपैकी कोणत्या बाटलीत तो बुडायचा थांबतो यावरून शिरेतून किती द्यायचं ते ठरतं. विजेवर चालणारं यंत्र नको, मोठी प्रयोगशाळा नको. एक थेंब आणि निळ्या बाटल्या. फिलिप्स जुलाबांचंही माप घेत. जेवढं गेलं तेवढं परत द्यायचं, हा नेम त्यांनी कैरोत धरला. माझ्या लेखी पुडीचा जन्म तिथे होतो, पुडी अजून कुणाच्या मनातही नसताना.

पण शिरेतून द्यायला सुई हवी, निर्जंतुक बाटल्या हव्यात, शीर सापडणारा हात हवा. तोंडाने दिलं तर? कलकत्त्यात हेमेंद्रनाथ चटर्जींनी ते करून १९५३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलं. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. त्याच शहरात शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवलं की जंतू आतडं कुरतडत नाही. तो विष सोडतो आणि त्या विषाने आतडं पाणी ओतत राहतं. हे फार मोठं होतं. आतड्याची भिंत शाबूत आहे, तर तिच्यातून परत आत घ्यायची वाटही शाबूत असणार. ती वाट साखरेची आहे. ग्लुकोज आत जाताना मिठातलं सोडियम हाताला धरून नेतं आणि त्यांच्यामागे पाणी जातं. कॉलऱ्याचं विष हे दार बंद करू शकत नाही. म्हणून नुसतं पाणी बाहेर पडतं, नुसतं मीठपाणीही बाहेर पडतं, आणि मीठपाण्यात साखर मिसळली की आत राहतं.

फिलिप्स यांना मनिलात १९६०च्या दशकाच्या आरंभी हे रुग्णांत दिसलं. पण पुढच्या चाचणीतलं द्रावण फार तीव्र निघालं. काही रुग्ण दगावले आणि त्यांनी काम थांबवलं. जन्मभर मापाच्या मागे असलेल्या माणसाला मापानेच दगा दिला, हे वाचून वाईट वाटतं. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी प्रमाण जुळवलं आणि शिरेतल्या सलाईनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी खाली आली.

मग १९७१. पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे, बनगावच्या इस्पितळात जमिनीवर पडलेली माणसं, संपत आलेल्या सलाईनच्या बाटल्या. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी कलकत्त्यात मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज तोलून पिशव्या भरवल्या. लिटरमागे ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम सोडा, २२ ग्रॅम ग्लुकोज. पिशव्यांची तोंडं गरम इस्त्रीने चिकटवली, द्रावण पिंपांत कालवलं, पिंपांना तोट्या. पाजायला परिचारिका पुरणार नव्हत्या, म्हणून आई, भाऊ, काका जो असेल त्याच्या हाती पेला दिला. खर्च लिटरला ११ पैसे. मृत्यू ३० टक्क्यांच्या घरात होते ते ४ टक्क्यांच्या खाली आले. लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून त्यांनी त्याला 'ओरल सलाईन' म्हटलं. सलाईन म्हणजे जीव वाचतो, हे लोकांना ठाऊक होतं. आमच्या आशाताई नेमकं तेच बोलल्या होत्या, कुणी शिकवलं नसताना.

आता पुन्हा इजिप्त. १९८०च्या दशकात त्या देशात पोरं जुलाबांनी जात होती आणि एक लिटरची पुडी आली होती. ती नीट कालवली जात नव्हती. घरात लिटरचं भांडं नाही. पाणी कमी पडलं तर मीठ जास्त होतं आणि जास्त मीठ लहान मुलाच्या जिवावर उठतं. तिथल्या राष्ट्रीय अतिसार नियंत्रण प्रकल्पाने बायकांना दोष दिला नाही, पुडी बदलली. ५.५ ग्रॅमची पुडी, २०० मिलिलिटर पाण्यासाठी, म्हणजे एका पेल्याला एक. पेलाही सोबत दिला. मग दूरदर्शनवर करीमा मोख्तार ही घरोघरी ओळखीची अभिनेत्री आली आणि आईसारखी समजावत राहिली. 'गफाफ' हा शब्द, म्हणजे कोरडेपणा, घराघरांत आजाराचं नाव म्हणून रुजला. आपल्याकडे 'शोष' हा नेटका शब्द होता. पाठ्यपुस्तकांनी त्याच्या जागी 'निर्जलीकरण' बसवलं, आणि कुठल्याही आईने आजवर 'पोराला निर्जलीकरण झालंय' असं म्हटलेलं मी ऐकलं नाही.

नाव मात्र आपण फार चांगलं ठेवलं: जलसंजीवनी. द्रोणागिरीवरची वनस्पती आठवते, पण मला कच आठवतो. शुक्राचार्यांनी जपून ठेवलेली विद्या त्याने मिळवली. देवयानीने शाप दिला की ती तुझ्या हातून फळणार नाही. तो म्हणाला, मी ज्याला शिकवीन त्याच्या हातून फळेल. ही विद्याही डॉक्टरांच्या हातून सुटून दुसऱ्यांच्या हाती गेली तेव्हाच फळली.

पुडीतलं प्रमाण पुढे आणखी सौम्य झालं. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिटरला २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असं आहे, एकूण २०.५ ग्रॅम. साखर मुद्दाम कमी केली आहे. ती जास्त झाली तर आतड्यात उलट पाणी ओढते. म्हणूनच नावात ओआरएस मिरवणाऱ्या गोड पेयांचा मला राग येतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने असं नाव लावायला मनाई केली, तेव्हा बरं वाटलं. तापलेल्या पोराला घाबऱ्या आईने दुकानातून आणलेलं पाकीट चुकीचं निघणं, यापेक्षा वाईट फसवणूक सांगता येत नाही.

त्या दिवशी ताईंनी एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या शेजाऱ्याकडून पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली मागून आणली, धुतली, उकळून गार केलेल्या पाण्याने काठोकाठ भरली आणि तांब्यात ओतली. तांब्या गळ्याच्या थोडा खाली भरला. "नेलपॉलिश आहे का?" लाल नेलपॉलिश निघालं. आतल्या पाण्याच्या रेघेशी बाहेरून नेमकी रेघ ओढली, वाळू दिली, मग पुडी फोडली. "दर जुलाबामागे पाजायचं. ओकला तर दहा मिनिटं थांबा, मग चमच्या-चमच्यानं द्या. आईचं दूध बंद करायचं नाही. उद्या या वेळेला उरलेलं ओतून टाका. रक्त पडलं, गळून गेला, पाणी घेईना, तर थांबायचं नाही, तडक दवाखान्यात." झिंकची गोळी एका चमच्यात विरघळवून दाखवली, चौदा दिवस मोजून दिल्या.

पोरगं सकाळी भात मागत होतं. तो तांब्या अजून त्यांच्या मोरीवर आहे. घासून घासून रेघ फिकट होते, आणि वहिनी ती पुन्हा काढून घेतात.