मॅकफर्सन स्ट्रट

मॅकफर्सन स्ट्रट हा मोटारगाडीच्या सस्पेन्शनचा (निलंबन प्रणालीचा) एक प्रकार आहे. यात स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकाच उभ्या घटकात एकत्र केलेले असतात व हाच घटक चाकाला वरच्या बाजूने आधार देतो. लहान मोटारींच्या पुढच्या चाकांसाठी ही रचना जगभर मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. स्ट्रट भार पेलतो, हादरे शमवतो आणि चाकाची दिशा राखतो. त्यामुळे तो झिजल्यास प्रवासातील आराम कमी होतोच, शिवाय ब्रेक, वळण आणि टायर या तिन्हींवर परिणाम होतो.

रचना

स्ट्रटच्या मध्यभागी तेलाने भरलेली नळी असते. तिच्यात पिस्टन वर-खाली सरकतो व तेल बारीक छिद्रांतून आणि झडपांतून जाताना निर्माण होणाऱ्या रोधामुळे स्प्रिंगची आंदोलने शमतात. या क्रियेला अवमंदन म्हणतात. नळीवर बसवलेल्या थाळीत गुंडाळी स्प्रिंगचे खालचे टोक टेकते. स्प्रिंगचे वरचे टोक रबरी माउंटिंग व बेअरिंगमार्फत गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. स्ट्रटचा खालचा भाग चाकाच्या नकलला बहुधा दोन बोल्टांनी घट्ट बसवतात. नकलचे खालचे टोक बॉल जॉइंटने लोअर आर्मला जोडलेले असते. पिस्टनच्या दांड्यावर रबरी बंप स्टॉप व धूळरोधक आवरण असते.

स्टिअरिंग फिरवले की संपूर्ण स्ट्रट वरच्या बेअरिंगवर चाकासोबत वळतो. वळणावर आणि ब्रेक लावताना निर्माण होणारी आडवी बलेही स्ट्रटच्या दांड्यावर येतात. साध्या शॉकॲब्सॉर्बरला हे काम करावे लागत नाही. म्हणून स्ट्रटचा दांडा तुलनेने जाड असतो आणि दांड्याभोवतीचे सील व मार्गदर्शक बुश हे झिजेचे मुख्य ठिकाण ठरते.

इतिहास

ही रचना अमेरिकी अभियंता अर्ल एस. मॅकफर्सन यांच्या नावाने ओळखली जाते. जनरल मोटर्समध्ये असताना त्यांनी शेव्हरोले कॅडेट या नियोजित लहान मोटारीसाठी तिचा विकास केला. तो प्रकल्प १९४७ मध्ये रद्द झाला आणि मॅकफर्सन फोर्ड कंपनीत गेले. फोर्डने १९५० मध्ये लंडनच्या मोटार प्रदर्शनात सादर केलेल्या कॉन्सल व झेफिर या मोटारींमध्ये पुढच्या बाजूस हे स्ट्रट होते. वरचा विशबोन वगळल्यामुळे सुटे भाग कमी झाले आणि इंजिनाच्या दोन्ही बाजूंस जागा मोकळी झाली. इंजिन आडवे बसवून पुढची चाके चालवणाऱ्या लहान मोटारींना ही जागा विशेष उपयोगी पडली.

भारतात कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला पुढे विशबोन, तर ॲम्बॅसडरला टॉर्शन बार पद्धतीचे सस्पेन्शन होते. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मुळे मॅकफर्सन स्ट्रट सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचला. पुण्यात तयार झालेल्या टाटा इंडिकातही (१९९८) पुढे हीच रचना होती.

झिजेची लक्षणे

स्ट्रटची झीज हळूहळू होते. चालकाला बदललेल्या वागणुकीची सवय होत जाते व दोष उशिरा ध्यानात येतो. पुढील लक्षणे सर्वसाधारणपणे आढळतात:

- नळीवरून तेल ओघळणे (केवळ तेलकट ओलसरपणा म्हणजे गळती नव्हे)
- ब्रेक लावताच गाडीचे नाक नेहमीपेक्षा अधिक खाली झुकणे
- गतिरोधक ओलांडल्यावर गाडी पुन्हा पुन्हा वर-खाली होत राहणे
- टायरच्या पृष्ठभागावर ठरावीक अंतराने खोलगट झिजेचे पट्टे दिसणे
- खड्ड्यातून जाताना ठोके ऐकू येणे अथवा स्टिअरिंग वळवताना स्प्रिंग झटक्याने फिरल्याचा आवाज येणे

शेवटच्या लक्षणाचे कारण पुष्कळदा वरचे माउंटिंग किंवा बेअरिंग असते. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि लिंक रॉड झिजल्यासही तसेच ठोके येतात. म्हणून स्ट्रट बदलण्यापूर्वी हे भाग तपासतात. गाडीचा कोपरा हाताने दाबून सोडण्याच्या चाचणीत पूर्ण निकामी झालेला स्ट्रट ओळखता येतो. अर्धवट झिजलेला मात्र सुटू शकतो.

अवमंदन कमी झाले की खडबडीत रस्त्यावर चाक उसळते आणि टायरची रस्त्यावरील पकड क्षणोक्षणी कमी-जास्त होते. पकड नसताना ब्रेकचा उपयोग होत नाही, त्यामुळे अशा रस्त्यावर गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते. खड्डे, वारंवार येणारे गतिरोधक, सीलपर्यंत पोहोचणारी धूळ व चिखल आणि क्षमतेपेक्षा अधिक भार यांमुळे झीज वेगाने होते.

बदलण्याची प्रक्रिया

पुढचे दोन्ही स्ट्रट एकाच वेळी बदलतात. एकच नवा बसवल्यास डाव्या व उजव्या बाजूचे अवमंदन असमान होते आणि जोरात ब्रेक लावताना किंवा वळताना गाडीचे संतुलन बिघडू शकते.

१. गाडी सपाट जागेवर उभी करून मागच्या चाकांना ओट लावतात. चाकाचे नट सैल करून गाडी जॅकने उचलतात, स्टँडवर टेकवतात व नंतर चाक काढतात.

२. स्ट्रटला अडकवलेला ब्रेकचा होज, एबीएस सेन्सरची तार व लिंक रॉड सोडवतात.

३. नकलच्या दोन बोल्टांची स्थिती खुणेने नोंदवून ते काढतात. नकल तारेने बांधून ठेवतात, अन्यथा तिचा भार ब्रेकच्या होजवर येतो किंवा चाक फिरवणाऱ्या शाफ्टचा सांधा निसटतो.

४. स्ट्रट हाताने धरून बोनेटखालील माउंटिंगचे कडेचे नट काढतात व स्ट्रट खाली उतरवतात. मधला नट या टप्प्यावर सोडत नाहीत.

५. स्प्रिंग कॉम्प्रेसरने स्प्रिंग दोन्ही बाजूंनी समान दाबतात. ती थाळीत सैल झाल्याची खात्री झाल्यावरच मधला नट काढतात.

६. नव्या स्ट्रटवर बंप स्टॉप, धूळरोधक आवरण, स्प्रिंग व माउंटिंग चढवतात. स्प्रिंगचे टोक थाळीतील खाचेला टेकलेले असावे लागते. मधला नट पूर्ण आवळल्यानंतर कॉम्प्रेसर सावकाश सैल करतात.

७. जोडणी उलट क्रमाने करतात. बोल्ट उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेल्या मापानुसार टॉर्क पान्याने आवळतात आणि स्वयंबंधक नट नवे वापरतात.

सुरक्षितता

या कामातील सर्वांत मोठा धोका दाबलेल्या स्प्रिंगचा असतो. ८०० किलो वजनाच्या मोटारीचा ६० टक्के भार पुढे असल्यास पुढच्या प्रत्येक चाकावर सुमारे २४० किलो भार येतो व त्याचा बहुतांश भाग स्प्रिंग पेलते. स्ट्रट गाडीतून काढल्यावरही वरच्या व खालच्या थाळ्यांमध्ये ती अंशतः दाबलेलीच राहते. अशा स्थितीत मधला नट सोडल्यास स्प्रिंग व माउंटिंग वेगाने उसळून गंभीर किंवा प्राणघातक इजा होऊ शकते. दोरी किंवा तार बांधून स्प्रिंग रोखणे हा कॉम्प्रेसरला पर्याय नाही. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली काम करणेही धोक्याचे असते. स्प्रिंग व माउंटिंगसह जोडलेला तयार स्ट्रट मिळत असल्यास स्प्रिंग दाबण्याची गरज उरत नाही.

बदलानंतरची तपासणी

नकलच्या बोल्टांच्या छिद्रांत किंचित मोकळीक असते. तिच्यामुळे चाकाचा उभा कल बदलू शकतो आणि त्याबरोबर दोन्ही चाकांची परस्पर दिशाही बदलते. खुणा जुळवल्या तरी हा फरक पूर्णपणे टळत नाही. म्हणून काम संपल्यावर व्हील अलाइनमेंट करून घेतात. ते न केल्यास गाडी एका बाजूला ओढली जाते व नवे टायरही एका कडेने झिजतात.

हे सुद्धा पहा

- शॉकॲब्सॉर्बर
- व्हील अलाइनमेंट
- मारुती ८००