मिसळीचं पाणी

माणूस मळतो कसा, यावर आपल्या संतांनी पुष्कळ सांगून ठेवलं आहे. त्याला धुवायचा कसा, यावर मात्र प्रत्येक घराण्याचं आपापलं शास्त्र असतं. मराठी मध्यमवर्गाचं शास्त्र साधं आहे: दुखल्याशिवाय स्वच्छ होत नाही. टाचेला वज्री, भांड्याला काथ्या आणि पोराला आईचा हात. दिवाळीच्या पहाटे पोराची पाठ लालबुंद झाली नाही, तर त्याला अंघोळ घातली असं कोणी म्हणतच नसे. मळाशी वाटाघाटी करायच्या नाहीत, हा आमचा बाणा.

अशा घरात एक दिवस मिसेलर वॉटर नावाची बाटली येते. कापसाच्या बोळ्यावर थोडं घ्यायचं, चेहऱ्यावरून फिरवायचं, झालं. घासायचं नाही, फेस नाही, डोळ्यांत झोंबणं नाही. एवढ्या बिनकष्टाने काही साफ होत असेल, यावर आमच्या पिढीचा विश्वास बसत नाही. त्यातून दिसायला नुसतं पाणी, आणि त्याला दुधाच्या वर भाव! आमच्या आत्याने ते नाव ऐकलं आणि एका दमात त्याचं ‘मिसळीचं पाणी’ करून टाकलं. घरात आता तेच चालतं.

आणि गंमत म्हणजे, हे नाव वाटतं तितकं चुकीचं नाही. मिसळीची बशी पुढ्यात घ्या. वर लाल तर्री, खाली रस्सा. चमच्याने कितीही ढवळा. घटकाभराने तर्री आपली पुन्हा वर. तेलाचं आणि पाण्याचं वैर भाऊबंदकीहून जुनं आहे. चेहऱ्याचंही तेच. काजळ, लिपस्टिक, रस्त्यावरची धूळ आणि कातडीचं स्वतःचं तेल मिळून जे काही बसतं, ती आपली तर्रीच. ती नुसत्या पाण्याला दाद देत नाही. माणसाच्या तोंड धुण्याचा इतिहास म्हणजे ही तर्री काढण्याचा इतिहास.

त्यात दोन पंथ झाले. पहिला पंथ ‘तेलाला तेल’वाल्यांचा. दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलन नावाचे मोठे वैद्य होऊन गेले. त्यांच्या नावावर मेण, तेल आणि पाणी घोटून केलेला एक लेप आहे. त्यातलं पाणी उडताना कातडीला गार वाटे. आपल्या कपाटातल्या कोल्ड क्रीमचे मूळ पुरुष ते हेच. आपल्या नाटकमंडळींना गेलन ठाऊक नव्हते, पण खोबरेल ठाऊक होतं. रात्रभर सम्राट म्हणून वावरलेला माणूस पहाटे तोंडाला खोबरेल चोळून पुन्हा प्रजाजन होई.

दुसरा पंथ मध्यस्थांचा. तेलाचाही नातेवाईक आणि पाण्याचाही, असा कोणी मधे घालायचा. आपल्याकडे हे काम रिठा आणि शिकेकाई करत. त्यांच्यातलं सॅपोनिन हे असंच मध्यस्थ द्रव्य. पैठणी धुवायची तर रिठ्यात, सोनाराने दागिना उजळायचा तर रिठ्यात. म्हणजे जिथे जिन्नस मोलाचा, तिथे घासाघाशी नको, हे आपल्या लोकांना पक्कं समजलेलं होतं. पैठणीला मिळणारी ही सवलत पोरांच्या पाठीला मात्र मिळाली नाही, एवढंच.

साबणही मध्यस्थच. त्याच्या रेणूला एक डोकं आणि एक शेपूट असतं. डोक्याला पाणी आवडतं, शेपटाला तेल. पण साबणाचा स्वभाव अल्कधर्मी. कातडी किंचित आम्लधर्मी, साबण उलट बाजूचा. रोज रोज गाठ पडली की कातडी कोरडी पडते, ओढल्यासारखी होते. त्यात पाणी जड असलं, तर त्यातलं कॅल्शियम साबणाशी लग्न लावून मोकळं होतं आणि त्या संसाराचा पांढरट साका बादलीला चिकटून बसतो. बोअरच्या पाण्याने अंघोळ करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

आता कथेत एक साहेब येतात. जेम्स विल्यम मॅकबेन, जन्म १८८२, कॅनडा. इंग्लंडात ब्रिस्टलला रसायनशास्त्र शिकवत असताना त्यांना साबणाच्या पाण्याचा नाद लागला. लोक त्या पाण्यात कपडे भिजवत, हे त्यातून वीज सोडत. वीज छान वाहत होती, म्हणजे आत विद्युतभार असलेले कण भरपूर असले पाहिजेत. पण दुसऱ्या रीतीने कणांची हजेरी घ्यावी, तर पट रिकामा! मॅकबेन यांनी १९१३ साली तर्क मांडला, की मुलं पळालेली नाहीत, टोळकी करून उभी आहेत. साबणाचे रेणू पुरेसे झाले की ते शेपटं आत आणि डोकी बाहेर असा गोल करून बसतात. हा गोल म्हणजे मिसेल. लॅटिनमध्ये ‘मिका’ म्हणजे कण. त्याचं हे लाडकं धाकटं रूप. आकार म्हणाल, तर मिलिमीटरचे दहा लाख भाग करा आणि त्यातले मोजके उचला.

असं सांगतात, की लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हे मांडल्यावर अध्यक्षांनी ‘काहीतरीच काय, मॅकबेन!’ अशा अर्थाच्या दोन शब्दांत त्यांना खाली बसवलं. अध्यक्षांचंही अगदीच चुकलं नव्हतं. सारखा भार असलेले कण एकमेकांना ढकलतात. ते गळ्यात गळे घालून बसतील कसे? पण त्या अध्यक्षांनी चाळ पाहिलेली नसावी. एकमेकांचं तोंड न पाहणारे शेजारीसुद्धा पाऊस आला की एका वळचणीला खेटून उभे राहतात. शेपटांना पाण्याचा इतका तिटकारा, की त्यापुढे डोक्यांची भांडणं मागे पडतात. आणि या गोलाच्या आत तेलाचा कण आला की तो आत सामावला जातो आणि पाण्याबरोबर निघून जातो. मारामारी नाही, पंचनामा नाही.

पुढे मॅकबेन यांचंच खरं ठरलं. १९१९ साली ब्रिस्टलला भौतिक रसायनशास्त्राचं नवं प्राध्यापकपद निघालं, ते त्यांना मिळालं. पदाला नाव होतं लेव्हरह्यूम यांचं, म्हणजे सनलाइट साबणवाल्या लेव्हर साहेबांचं. साबणाचं पाणी इतकं फळलेला माणूस विरळा.

त्यांचे मिसेल मग पुस्तकांत राहिले, कारखान्यांत राहिले. नाजूक कातडीसाठी त्यांची बाटली भरली ती फ्रान्समध्ये, १९९०च्या दशकात. बायोडर्मा या कंपनीची गुलाबी टोपणाची बाटली रंगभूषाकारांच्या पेटीत जाऊन बसली आणि मग बाकीच्या कंपन्याही आल्या. आता दुकानात इतक्या बाटल्या, की सगळ्या एकसारख्या दिसतात. लेबल वाचलं तर फरक कळतो. घटक साधारण उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, म्हणून पहिला मान पाण्याचा.

त्यानंतर मिसेल करणारं द्रव्य पाहावं. त्या गुलाबी टोपणाच्या बाटलीत ते कॅप्रिलिक आणि कॅप्रिक आम्लांपासून केलेलं असतं. ही आम्लं खोबरेलातही असतात, आणि त्यांची नावं मात्र बकरीच्या लॅटिन नावावरून पडली आहेत. कोकणातला नारळ आणि घाटावरची बकरी एका ओळीत! गार्निएच्या बाटलीत पोलोक्झामर नावाचं द्रव्य सापडतं. ही दोन्ही द्रव्यं विद्युतभार नसलेली, म्हणून साबणापेक्षा पुष्कळ शांत. ग्लिसरीन असलं तर ते ओलावा धरून ठेवतं. ईडीटीए असं काही दिसलं, तर घाबरू नये. जड पाण्यातल्या कॅल्शियमला तो कोपऱ्यात धरून ठेवतो. सुगंध मात्र नाजूक कातडीने टाळावा. पाण्याला न हटणारं काजळ असेल, तर तेल आणि पाणी असे दोन थर दिसणारी बाटली घ्यावी. ती वापरण्याआधी हलवतात, मिसळ ढवळतात तशी.

आत्या यातलं काही वाचत नाही. जिने आम्हा भावंडांच्या पाठी सोलून काढल्या, तिची कातडी आता ऐंशीच्या पुढे कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली आहे. साबण लागला की चेहरा लाल होतो, रात्रभर खाज. डॉक्टरांनी चेहऱ्याला साबण बंद सांगितला. आता तिची नात संध्याकाळी बिनवासाच्या बाटलीतलं पाणी बोळ्यावर घेते आणि हलकेच पुसते. ‘धुवायची गरज नाही’ असं बाटलीवर लिहिलेलं असलं, तरी नंतर साध्या पाण्याने एक हात फिरवते. मध्यस्थाचं काम झालं की त्याला दारापर्यंत पोचवावं, हे बरं. पहिल्या दिवशी आत्याने तो काळा झालेला बोळा उलटसुलट करून पाहिला. “मी तर तुम्हाला उगीच रडवलं की रे,” एवढंच म्हणाली. आम्ही विषय बदलला.

मॅकबेन साहेबांचं पुढे काय झालं, ते सांगायचं राहिलं. ब्रिस्टलहून ते अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले, तिथून निवृत्त झाले, आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर चक्क पुण्याला आले! पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. तिचे पहिले संचालक हेच मॅकबेन. १९५२ पर्यंत ते इथे होते; १९५३ साली वारले. पुण्यात दुपारी एक ते चार झोपणाऱ्यांची नावं लोकांना पाठ असतात, पण साबणाच्या पाण्यात जागा राहिलेला हा माणूस त्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांनाही फारसा माहीत नाही.

मला आपलं वाटतं, त्या दोन वर्षांत कोणीतरी त्यांना मिसळ खायला न्यायला हवं होतं. तर्रीकडे बघत साहेब विचारात पडले असते, आणि समोरच्या पुणेकराने बजावलं असतं, “बघत काय बसलात साहेब? ढवळून घ्या आधी!”