गाठ आणि खूणगाठ

‘गाठ’ हा आपल्या भाषेतला मोठा कामाचा शब्द आहे. गाठीला पैसा असावा लागतो, माणसाची गाठ पडावी लागते, आणि एखादी गोष्ट विसरू नये म्हणून आपण पदराला गाठ मारतो. अंगावरच्या गाठींनाही आपल्या आयाबायांनी नावे दिली आहेत. पायाला जखम झाली की जांघेत येते ते अवधाण, काखेत येते ती काखमांजरी, आणि मानेवर हळूहळू ओवली जाते ती गंडमाळा. यांच्याच रांगेत बसणारी, आज अगदी दुर्मिळ झालेली आणखी एक गाठ आहे. तिच्या इतिहासाविषयी या व्याख्यानमालेत चार शब्द बोलण्याचे आम्ही ठरविले. आम्ही वैद्य नव्हे. आमची शाळा लवकर सुटली आणि पुढले शिक्षण हिंगोलीच्या मोंढ्यात हमालबंधूंच्या संगतीत झाले. परंतु ही गाठ कष्टकऱ्यांच्याच वस्तीत प्रथम आली, म्हणून तिचा इतिहास कष्टकऱ्यांनी वाचला पाहिजे असे आम्हांस वाटते.

गाठ का येते, हे आधी पाहू. आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांप्रमाणेच लसिकावाहिन्यांचेही जाळे असते, आणि त्या वाटेवर जागोजाग लसिकाग्रंथी असतात. जकातनाक्यावर जशी गाडी अडवितात, तसे बाहेरून शिरलेले जंतू तेथे अडविले जातात. नाक्यावर झटापट झाली म्हणजे ग्रंथी सुजते. पायाच्या जखमेतले जंतू जांघेत अडतात, हाताचे काखेत. म्हणजे गाठ हा मूळ रोग नसून रोगाची वर्दी आहे. ती वर्दी कोणाची, हे ओळखणे ही खरी विद्या.

क्षयाची गंडमाळ आठवड्यामहिन्यांनी वाढते आणि बहुधा फारशी दुखत नाही. प्लेगची गाठ तशी नव्हे. पिसू चावल्यावर दोन ते आठ दिवसांत माणसाला एकाएकी थंडी वाजून ताप चढतो, डोके फुटू लागते, अंगातले त्राण जाते, आणि जांघेत, काखेत किंवा मानेत अशी गाठ येते की तिला हात लावू देववत नाही. पिसू बहुधा पायाला चावते, म्हणून गाठ जांघेत अधिक. रोगी पाय आखडूनच पडतो. औषध मिळाले नाही तर अशा रोग्यांपैकी निम्मे किंवा त्याहूनही अधिक दगावत.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगश या गोमंतकीय डॉक्टरांनी ही गाठ ओळखली. मांडवी म्हणजे बंदराजवळची धान्याच्या वखारींची वस्ती. जेथे धान्य तेथे उंदीर, जेथे उंदीर तेथे पिसू, आणि जेथे पोती तेथे हमाल. मात्र उंदरापासून माणसाकडे रोग नेणारी पिसूच, हे तेव्हा कोणासच ठाऊक नव्हते. व्हिएगशांनी रोगाचे नाव उच्चारताच अनेकांनी शंका काढल्या, कारण प्लेग म्हटला की बंदराचा व्यापार बसणार. निदानाच्या आड व्यापार येतो, ही गोष्ट तेव्हापासूनची आहे.

पुढे सरकार जागे झाले ते दंडुका घेऊन. रोग्याला घरातून उचलून इस्पितळात नेऊ लागले. त्याच ऑक्टोबरात सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. परंतु आत गेलेला माणूस बहुधा परत येत नसे, आणि त्याचे काय झाले हे कोणी सांगत नसे. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात रँडसाहेबाच्या अमलाखाली गोरे शिपाई घरांत शिरून बायाबापड्यांच्या काखा-जांघा तपासू लागले. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली, हे आपण शाळेत शिकलो. शाळेत शिकवीत नाहीत ते हे, की त्या धाकापायी लोक गाठ लपवू लागले. जी गाठ दाखवायची तीच पांघरुणाखाली गेली, आणि साथ गल्लीतून गल्लीत सरकत राहिली.

त्याच हिवाळ्यात मुंबईची जवळजवळ निम्मी वस्ती शहर सोडून गेली. गिरण्यांना माणूस मिळेना. एरवी पगार अडकवून ठेवणारे मालक रोजचे पैसे रोज मोजू लागले, रस्त्याच्या कोपऱ्यावर मजुरांची बोली लागली. मरणाच्या छायेत का होईना, मजुराला आपल्या श्रमाची किंमत कळली. आमच्या चळवळीच्या इतिहासातले हे एक कडू पान आहे.

आणि एक पान अभिमानाचे आहे. १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी करणारे, रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे साथीत शहर सोडून गेले नाहीत. लोकांची सेवा करता करता ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते प्लेगानेच गेले. महिनाभराने, १० मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या बाजूला माळावर दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्या पाठीवर घेऊन तेथे आल्या आणि त्यांनाही लागण झाली. गोऱ्या शिपायाला जी गाठ लोकांनी दाखविली नाही, ती अशा माणसांपुढे उघडी केली. रोग्याला विश्वास लागतो, दंडुका नव्हे.

विज्ञानही थांबले नव्हते. १८९४ मध्ये हाँगकाँगला येर्सिन यांनी प्लेगचा जंतू शोधला होता. हाफकिन यांनी मुंबईत लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९८ मध्ये कराचीत सिमाँ यांनी पिसूचा गुन्हा पकडला. परंतु जडलेल्या रोगावर औषध नव्हते. लोक पोटिसे बांधीत, गाठ चिरीत आणि देवाला नवस करीत. १८९६ पासूनच्या साथींत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली. १९४३ मध्ये अमेरिकेत स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला, आणि मग हा रोग बरा होणारा झाला.

हा रोग पुस्तकातच राहिला असे वाटत असताना तो आमच्या मराठवाड्यात आला. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप झाल्यावर बीड जिल्ह्यातल्या मामला गावचे लोक भिंतींच्या भीतीने घराबाहेर राहू लागले. धान्य घरात, माणसे बाहेर. उंदरांचे फावले. १९९४ च्या ऑगस्टात पिसवांचा उपद्रव झाला, उंदीर मरून पडले आणि माणसांना गाठी आल्या. सप्टेंबरात सुरतेस फुफ्फुसाच्या प्लेगाची हूल उठली, लाखो माणसे शहर सोडून निघाली आणि टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून नाहीशा झाल्या. तो प्लेगच होता का, यावर तज्ज्ञांत पुढे वाद झाले. भीती मात्र खरी होती.

तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती आणि आम्ही पंचविशीच्या आतले होतो. मोंढ्यात एक हमालबंधू तीन दिवस लंगडत पोती वाहत होता. आम्ही खोदून विचारले, तेव्हा म्हणाला, “दादा, जांघेत गाठ आलीया. सांगितली तर मुकादम कामावरून काढंल, अन् गल्ली वाळीत टाकंल. लेकरं खातील काय?” आम्ही त्याला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी नडगी पाहिली. आकडा लागून झालेली जखम चिघळली होती, ताप किरकोळ होता. अवधाण निघाले. परंतु ते अवधाण नसते तर? शंभर वर्षांपूर्वी शिपायाच्या भीतीने लपविलेली गाठ आता मजुरीच्या भीतीने लपविली जात होती.

म्हणून जाता जाता एवढेच सांगतो. एकाएकी चढलेला ताप आणि हात लावू न देणारी गाठ दिसली, जवळपास उंदीर मरत असले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गाठ घरी चिरू नये. स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, डॉक्सिसायक्लिन ही औषधे वेळेवर मिळाली तर बहुतेक रोगी वाचतात. खोकल्यातून रक्त पडू लागले तर रोग्याला वेगळे ठेवून अधिकच घाई करावी. न दुखणारी गाठही तीन-चार आठवडे राहिली तर दाखवावी. ती क्षयाची असेल, क्वचित कर्करोगाचीही असेल.

पण औषधाबरोबर आणखी एक तजवीज हवी. आजारी मजुराची मजुरी बुडणार नाही, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. ज्या दिवशी हमाल न भिता आपली गाठ दाखवील, त्या दिवशी लोखंड्यांचे ऋण थोडे फिटेल. एवढी खूणगाठ मारून आपण घरी जाऊ.